सजावट आणि सत्य

गेल्या वैशाखात बऱ्हाणपुरातील आमचे जुने घर विकावयाचे ठरले. घेणाऱ्याचे मन बसावे म्हणून आम्ही अंगण सारविले, दारी रांगोळी घातली आणि माजघराच्या ओल धरणाऱ्या भिंतीवर ताजा रंग चढविला. तीर्थरूपांनी एवढेच विचारले, “पाहुण्यासाठी घर झाडतो, तेव्हा त्याच्यापासून काही लपवितो काय?” आम्ही निरुत्तर झालो.

घर सजविणे हे पाप नव्हे. तो येणाऱ्याचा मानच होय. परंतु दोष झाकण्यासाठी दिलेला रंग म्हणजे न बोलता सांगितलेले असत्य. घेणाऱ्याने पाहून घ्यावे, असे कोणी म्हणेल. पण वैशाखात कोरडी दिसणारी भिंत आषाढात पाझरेल, हे नवख्याने कसे ओळखावे? आपणांस ठाऊक असलेला व त्यास सामान्य दक्षतेने न कळणारा महत्त्वाचा दोष सांगणे, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ नेही, वेगळा करार नसल्यास, विकणाऱ्याचे कर्तव्य मानिले आहे. कायद्याच्या आधी मात्र मन विचारते.

आम्ही ओल सांगितली. किंमत कमी आली. ती उणीव घरात जाणवलीही. पुढे त्याच घराच्या वास्तुशांतीस तीर्थरूपांना बोलावणे आले, आणि ते निःसंकोच गेले.