चार गुणांचे रसग्रहण

दहावीच्या मराठी कुमारभारतीच्या कृतिपत्रिकेत कवितेच्या रसग्रहणाला ४ गुण असतात. आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये ही तीन अंगे विद्यार्थ्याने हाताळावीत अशी अपेक्षा असते. परीक्षक ती अंगे शोधतो, सापडली की गुण देतो आणि पुढच्या उत्तराकडे वळतो. ही रीत इतकी अंगवळणी पडली आहे, की तिच्या तळाशी असलेला तत्त्वज्ञानातला जुना पेच आपल्याला दिसेनासा झाला आहे. ‘ही कविता सुंदर आहे’ हे विधान सिद्ध करता येत नसेल, तर ती का सुंदर आहे हे सांगणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाला ४ पैकी अडीच गुण कशाच्या जोरावर द्यायचे? आणि सिद्ध करता येत असेल, तर क्लासमध्ये उतरवून घेतलेले, तिन्ही अंगांनी बिनचूक असलेले उत्तर वाचताना चांगल्या परीक्षकाला हात आखडता का घ्यावासा वाटतो?

इमॅन्युएल कांटने १७९० साली ‘क्रिटिक ऑफ जजमेंट’मध्ये या पेचाची जी मांडणी केली, तिच्यापुढे जाणे अजूनही सोपे नाही. मराठीत रा. भा. पाटणकरांच्या ‘सौंदर्यमीमांसे’मुळे (१९७४) ती अभ्यासकांना परिचित आहे. सौंदर्याचा निर्णय कोणत्याही नियमावरून काढता येत नाही, असे कांट म्हणतो. तरीही तो ‘मला कारले आवडते’ यासारखा खासगी मामला नसतो. इतरांनीही सहमत व्हावे असा दावा त्यात असतोच. इथवरचे बहुतेकांना ठाऊक असते. पण शाळेच्या दृष्टीने मोलाचा आहे तो त्याचा आणखी एक मुद्दा: हा निर्णय उसना घेता येत नाही. शंभर जाणकारांनी एखादी कविता सुंदर ठरवली, तरी ती स्वतः अनुभवल्याशिवाय मला तसे म्हणण्याचा अधिकार मिळत नाही. कांट एका तरुण कवीचे उदाहरण देतो. लोकांनी आणि मित्रांनी समजावूनही आपली कविता सुंदर आहे हा त्याचा विश्वास ढळत नाही. पुढे सरावाने त्याची जाण धारदार होते, तेव्हा तो आपण होऊन आधीचे मत सोडतो. तो आधी चुकत होता हे उघडच आहे. पण ती चूक त्याची स्वतःची होती, म्हणून तिच्यातून बाहेर पडण्याची वाटही त्याला सापडली.

हे मान्य केले तर गाइडमधल्या रसग्रहणाची अडचण नेमकी कळते. त्यातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते. ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्याने मात्र कसलाच निर्णय केलेला नसतो. मग परीक्षकाने तपासायचे काय? मुलाला कविता खरोखर भावली का, हे तपासता येणार नाही आणि तपासूही नये. सोळाव्या वर्षाच्या आतल्या मनाला गुण देणारी व्यवस्था कल्पनेतही नको. तपासता येते ती एकच गोष्ट: त्याचे म्हणणे समोरच्या कवितेला बांधलेले आहे की नाही. ‘कवीने साध्या, ओघवत्या भाषेत मोठा आशय प्रभावीपणे मांडला आहे’ हे वाक्य तुकारामांच्या अभंगाखाली बसते, कुसुमाग्रजांच्या कवितेखाली बसते आणि उद्या लिहिल्या जाणाऱ्या कवितेखालीही बसेल. उलट, दुसऱ्या कडव्यात कवीचा सूर अचानक खाली का येतो असे विचारून एखाद्याने चुकीचे उत्तर दिले, तरी ते वाक्य तिथून उचलून दुसरीकडे नेता येत नाही. माझ्या मते गुण या न हलणाऱ्या वाक्याला आहेत. गुणदानाच्या आजच्या तक्त्यात मात्र पहिल्या वाक्याला एक गुण सहज मिळतो आणि दुसऱ्याला कुठल्या रकान्यात बसवावे हे परीक्षकाला कळत नाही.

मग कोणीही काहीही अर्थ लावावा काय, असे लगेच विचारले जाईल. याचे उत्तर आय. ए. रिचर्ड्सच्या ‘प्रॅक्टिकल क्रिटिसिझम’मध्ये (१९२९) आहे. त्याने केंब्रिजमधल्या विद्यार्थ्यांना कवींची नावे काढून टाकलेल्या कविता दिल्या आणि लेखी मते मागवली. नाव दिसत नाही म्हटल्यावर निर्णयांचा धुव्वा उडाला. एकाच कवितेवर टोकाची स्तुती आणि टोकाची हेटाळणी आली. या पुस्तकाचा हवाला सहसा अभिरुचीच्या बेभरवशीपणासाठी दिला जातो, पण मला त्यातले उलटेच महत्त्वाचे वाटते. निर्णयांवर एकमत नसतानाही वाचन कुठे घसरले हे रिचर्ड्सला बोट ठेवून दाखवता आले: इथे सरळ अर्थच लागला नाही, इथे कवितेशी संबंध नसलेली खासगी आठवण मध्ये आली, इथे तयार ठोकळेबाज भावना कवितेवर लादली गेली. म्हणजे आवडीनिवडी न जुळताही चुकीचे वाचन ओळखता येते. बांधलेले वाक्य कवितेतल्या शब्दांपुढे उभे राहते, म्हणूनच ते शब्द त्याला खोडूनही काढू शकतात. न बांधलेल्या वाक्याला खोडणार कोण?

व्यवहाराचा आक्षेप याहून कठीण आहे. राज्यात दरवर्षी पंधरा लाखांच्या आसपास मुले दहावीला बसतात. परीक्षकाच्या मर्जीवर त्यांना सोडायचे का? ही भीती खोटी नाही. १९१२ मध्ये स्टार्च आणि एलियट या अमेरिकी संशोधकांनी हायस्कूलच्या इंग्रजीच्या दोन उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडून तपासून घेतल्या, तेव्हा त्यातल्या एकीला १०० पैकी ५० पासून ९७ पर्यंत गुण पडले. इथे बरेच जण थांबतात आणि मुद्द्यांच्या तक्त्याची भलामण सुरू करतात. पण पुढच्याच वर्षी त्याच जोडीने भूमितीची उत्तरपत्रिका तशीच फिरवली आणि गुणांतली तफावत आणखी वाढली. म्हणजे दोष केवळ साहित्याच्या धूसरपणाचा नव्हता. कशाला गुण द्यायचे हेच शिक्षकांनी आपापल्या परीने ठरवले होते. ते आधी ठरवावे, याला माझा विरोध नाही. तक्त्याने एकमत होते हेही खरे, पण ते तीन अंगांची हजेरी मोजण्यावरचे एकमत असते. वाक्य कवितेला बांधलेले आहे का, यावर दोन परीक्षक आणि त्यांचा नियामक यांचे एकमत होणे तितके अवघड नाही, कारण तिघांना एकाच ओळीकडे पाहता येते.

परंपरेच्या बाजूने येणारा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. सहृदय जन्मत नाही, घडतो. काव्याच्या सततच्या अनुशीलनाने ज्याच्या मनाचा आरसा स्वच्छ झाला आहे तो सहृदय, असे संस्कृत काव्यशास्त्रातल्या अभिनवगुप्ताचे सांगणे आहे. मग पंधराव्या वर्षी दुसऱ्याचे रसग्रहण पाठ करण्यात वावगे काय? वारकऱ्यांच्या घरात मुलांना अभंग आधी येतो आणि अर्थ कितीतरी वर्षांनी उमगतो. मात्र तिथे पाठ होतो तो अभंग. अनुशीलनही काव्याचेच सांगितले आहे. पाठ केलेली कविता कानात राहते आणि तिचा अर्थ लागायला पुढचे आयुष्य मोकळे असते. कवितेविषयीचे दुसऱ्याचे मत पाठ केले, की ती वाचण्याची गरजच संपते. आपल्या शाळांत कविता पाठ करणे ओसरत गेले आणि मते पाठ करणे वाढले, हा अदलाबदलीचा व्यवहार तोट्याचा झाला आहे.

कवितेला बांधलेल्या वाक्यांना गुण दिले तर भाषेवर हुकूमत असलेल्या शहरी मुलांचे फावेल, अशीही शंका घेतली जाते. मला नेमके उलटे दिसते. पाठ केलेले उत्तर ज्याला क्लास परवडतो त्याच्याकडे आधी पोचते. बहिणाबाई चौधरींची कविता समोर असेल, तर जळगावकडच्या शेतकरी घरातल्या मुलीला तिच्यातली कामे आणि बोलीतला ठसका पुण्याच्या परीक्षकापेक्षा जास्त जवळून माहीत असतो. तिने ते मोडक्या प्रमाणभाषेत लिहिले, तरी ते त्या कवितेला घट्ट बांधलेले असेल. मात्र पाठ केलेले उत्तर चालू नये यासाठी रसग्रहणाला पुस्तकाबाहेरची, आधी न वाचलेली कविता द्यावी लागेल. पहिली काही वर्षे गुण घसरतील आणि पालक तक्रारी करतील. शिवाय उत्तरपत्रिकांचा गठ्ठा सोडण्याआधी परीक्षकाला ती कविता स्वतः वाचावी लागेल; नमुना उत्तर हातात असताना आज तशी गरज पडतेच असे नाही.