मूठभर मांस

दिवाळी हा दिव्यांचा सण आहे, असे शाळेतली मुले निबंधात वर्षानुवर्षे लिहीत आली आहेत, आणि मीही त्या वाक्यापुढे निमूटपणे बरोबरची खूण करीत आलो आहे. पण खरे विचाराल तर दिवाळी मला शरीराचा सण वाटते. पहाटेच्या थंडीत पाटावर बसायचे, आईने खांद्यांना आणि पाठीला तेल चोळायचे, उटणे लावायचे, कढत पाणी अंगावर घ्यायचे आणि मग फराळाच्या ताटापुढे बैठक मारायची. यात आत्म्याला वाव थोडाच! इतर सणांत आपण देवाची पूजा करतो. या सणात देहाची. शिवाय वर्षातून एकदा भेटणारी सगळी वडीलधारी मंडळी या दिवसांत आपल्याला आपादमस्तक न्याहाळतात आणि निकाल देऊन मोकळी होतात. कोणी म्हणते, "यंदा अंग धरलंस हो!" कोणी म्हणते, "किती वाळलास रे!" माझ्या वाट्याला लहानपणापासून हा दुसराच निकाल येत गेला.

मी मूळचा कऱ्हाडकडचा. त्या मुलखात गाव तेथे मारुती आणि मारुती तेथे तालीम. माझ्या बरोबरीची मुले तांबड्या मातीत घुमत, आणि मी तालमीच्या उंबऱ्यावर बसून त्यांचे कपडे सांभाळीत असे. "याला खाल्लेलं अंगाला लागत नाही," असे आई शेजारणींना सांगे. पुढे मॅट्रिक झालो, मास्तर झालो, कादंबऱ्याही लिहू लागलो. त्या कादंबऱ्यांतील झाडून सारे नायक रुंद छातीचे आहेत. ते का, हे चाणाक्ष वाचकांनी आता ओळखले असेल.

नोकरीच्या निमित्ताने जव्हार तालुक्यातील वांगणीला आलो आणि येथलाच होऊन राहिलो. चाळिशी ओलांडली तरी माझे वजन ४८ किलोंच्या पुढे सरकले नव्हते. त्याचे दुःख करण्याचे वय गेले, असे मी स्वतःला समजावीत असे. पण एका श्रावणात शाळेतली एक मुलगी तापाने फणफणली. रस्ता ओढ्यापलीकडे. मी तिला पाठीवर घेतले आणि पाण्यात उतरलो. लहानखुरी पोर ती. वजन ते किती असणार! तरी मध्यावर माझे पाय लटपटू लागले, छाती भात्यासारखी हलू लागली. मागून येणाऱ्या एका गावकऱ्याने काही न बोलता तिला माझ्या पाठीवरून उचलले आणि रिकामे सूप न्यावे तसे पलीकडे नेऊन ठेवले. मुलगी बरी झाली. पण मी त्या ओढ्यातच उभा राहिलो होतो. त्या दिवशी प्रथम मला वाटले, की अशक्तपणा ही केवळ आपली खाजगी गोष्ट नव्हे.

मग मी व्यायामाला लागलो. दंड, बैठका, आणि वाळूने भरलेले एक पोते. दर आठवड्याला त्यात थोडी वाळू अधिक घालावयाची आणि ते खांद्यावर घेऊन उठावयाचे. ग्रीसच्या मायलो नावाच्या मल्लाची अशी कथा सांगतात, की तो एका वासराला रोज खांद्यावर घेई. वासरू वाढत गेले तशी त्याची ताकदही वाढत गेली. माझे वासरू वाढत होते, पण मी वाढत नव्हतो. तीन महिने झाले, काटा ४८ वरच. शेवटी एका डॉक्टरांना गाठले. ते हसून म्हणाले, "गुरुजी, खर्च पैलवानाचा आणि जमा कारकुनाची. शिल्लक पडणार कुठून?"

त्यांनी मला हिशेब समजावून दिला. ओझ्याने स्नायूंवर ताण पडतो, एवढेच. स्नायू वाढतात ते नंतर, विश्रांतीत आणि झोपेत. आणि तेही पोटात बांधकामाचे सामान असेल तर. प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. स्नायू वाढवू पाहणाऱ्याने ती १.६ ग्रॅमपर्यंत न्यावीत. म्हणजे माझ्यासारख्या काडीलाही रोज पाऊणशे ग्रॅम! एका अंड्यात ती सहा-सात ग्रॅम असतात, यावरून काय ते समजा. मी अंडी, डाळ, भाजलेले शेंगदाणे, उडदाचे वरण आणि नागलीची भाकरी यांवर तुटून पडलो. म्हणजे तसा प्रयत्न केला. पोट भरल्यावर आणखी एक भाकरी खाणे किती कठीण असते, हे ज्याने केले त्यालाच कळेल. 'भूक नसताना जेवणे हीसुद्धा एक तपश्चर्याच आहे', असे मी त्या काळात रोजनिशीत लिहिले आहे. ते वाक्य आज वाचताना मला शरम वाटते, आणि ती का वाटते हेच या लेखात सांगावयाचे आहे.

दीड वर्षाने काटा ५५ वर आला. दंडाचा घेर २३ सेंटिमीटरांवरून २७ वर गेला. तो मोजण्यासाठी मी शिंप्याकडची एक टेप आणली होती आणि ती खिशातच बाळगीत असे. आपल्या भाषेत अशा देहाला 'कमावलेले शरीर' म्हणतात. काय सुंदर शब्द आहे! वडिलोपार्जित नव्हे, देणगी नव्हे, तर कमावलेले. पगाराखेरीज दुसरी कोणतीही कमाई न केलेल्या मास्तराला त्या शब्दाने किती फुगवले असेल! वर्गात मी मुलांना सांगू लागलो, "मनात आणले तर माणूस काय करू शकत नाही? माझ्याकडे पाहा."

अशाच एका सकाळी शेजारच्या अंगणवाडीतील ताईंनी हाक मारली. "गुरुजी, जरा मदतीला येता का? आज मापं घ्यायची आहेत." मी गेलो. दोनेक वर्षांचा एक मुलगा आईच्या मांडीवर बसला होता. ताईंनी त्याच्या खांद्याच्या आणि कोपराच्या मधोमध एक रंगीत पट्टी गुंडाळली. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी ही पट्टी असते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांच्या आत आला तर लाल रंग, म्हणजे तीव्र कुपोषण. साडेअकरा ते साडेबारा पिवळा. त्यापुढे हिरवा. मुलाचा दंड भरला ११.८. "पिवळा," ताई हलक्या आवाजात म्हणाल्या आणि वहीत आकडा लिहिला.

माझा हात नकळत खिशातल्या टेपेवर गेला. जागा तीच होती, खांद्याच्या आणि कोपराच्या मधोमध. त्याच दंडावर मी आपले यश मोजत होतो आणि त्या ताई एका मुलाचे आयुष्य.

वांगणीत ही पट्टी साधी नव्हे. १९९२ साली याच वावर-वांगणीच्या परिसरात कुपोषणाने शंभरावर बालके दगावली. तेव्हा आमचा तालुका ठाणे जिल्ह्यात होता. २०१४ साली पालघर जिल्हा झाला. जिल्ह्याचे नाव बदलले, मधल्या काळात योजनाही आल्या. २०१५ पासून गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचे पुरे जेवण मिळू लागले, पुढे मुलांना अंडी आणि केळी मिळू लागली. त्यांनी पुष्कळ केले. पण माप घेण्याची पाळी अजून संपलेली नाही.

त्या दिवसापासून माझा घास घशात अडकू लागला. शेजारी पोरांचे दंड पिवळे असताना आपण आपला दंड फुगवावा, हे पाप नव्हे काय? मी अंडी सोडली. आठ दिवस ती त्या मुलाच्या घरी पोचवली. नवव्या दिवशी पाहिले, तर अंगणवाडीच्या दारात तशीच आणखी मुले उभी होती आणि माझ्याजवळ दोनच अंडी होती. माझे वजन किलोभर उतरले. त्या किलोने कोणाचाही दंड भरला नाही. तेव्हा कळले, की मी मुलांना अन्न देत नव्हतो, माझ्या मनाला देत होतो. अशा त्यागात चांगुलपणा नाही असे नव्हे. पण तो आपल्या टोचणीवरचा लेप असतो, त्यांच्या भुकेवरचा नव्हे.

मग मी प्रश्न दुसऱ्या बाजूने पाहिला. त्या मुलाचा बाप दर वर्षी दिवाळीनंतर बायकामुलांसह वीटभट्टीवर जातो. या डोंगरातली कितीतरी कुटुंबे भातकापणी आटोपली की भिवंडी-वसईकडे अशीच उतरतात. एक वीट तीन किलोंच्या आसपास भरते. दहा विटा डोक्यावर घेतल्या, की माझ्या वाळूच्या पोत्याइतके ओझे झाले. मी ते सकाळी वीस वेळा उचलीत असे. तो ते दिवसभर वाहतो. व्यायामानेच शरीर कमावता येत असते, तर आमच्या जव्हार-मोखाड्यातला प्रत्येक पुरुष पैलवान व्हायला हवा होता आणि उन्हाळ्यात डोंगर चढून हंडे आणणारी प्रत्येक बाई त्याहून मोठी पैलवान! डॉक्टरांनी मला तीन गोष्टी सांगितल्या होत्या: ओझे, अन्न आणि विश्रांती. त्या बापाच्या वाट्याला यातली पहिलीच भरपूर आली आहे. माझ्या वाट्याला उरलेल्या दोन जन्मभर होत्या. पहिली मी हौसेने विकत घेतली आणि तिच्या जोरावर सगळ्या कमाईवर आपले नाव घातले.

'मनात आणले तर' हे माझे वाक्य आठवून मी ओशाळलो. मन सगळ्यांनाच असते. पण मनाने हुकूम सोडायचा तो कोणावर, हे ताट ठरवते. भरल्या ताटापुढच्या माणसाने निश्चयाचा उपदेश करावा आणि रिकाम्या ताटापुढच्याने तो ऐकावा, यासारखी क्रूर गोष्ट नाही.

शरीर हे धर्माचे पहिले साधन आहे, असे कालिदासाने म्हटल्याचे आपण ऐकतो. तालमींच्या भिंतींवर ते वचन रंगवलेलेही असते. पण ते कोणाला उद्देशून आहे, हे आपण विसरतो. कुमारसंभवात बटूच्या वेषात आलेला शंकर ते पार्वतीला ऐकवतो. आणि ती पार्वती अशी, की तपासाठी तिने गळून पडलेली पानेसुद्धा खाण्याचे सोडले आहे. राजाची मुलगी ती. घरी अन्न होते, म्हणून अन्न सोडण्याला तप म्हणता आले. आमच्याकडे पावसाळ्यात कणगी रिकामी झाली, की रानातले कडूकंद खणून आणतात, उकडून रात्रभर पाण्यात ठेवून त्यांचा कडूपणा घालवतात आणि खातात. त्याला कोणी तप म्हणत नाही. उपवास आणि उपासमार या दोन शब्दांत अक्षरे सारखी दिसतात. पण पहिल्यात माणूस निवड करतो, दुसऱ्यात त्याला निवडच नसते. आणि जेथे निवड नाही, तेथे पुण्य नाही आणि दोषही नाही. अशक्त माणसाला दोष देण्यापूर्वी आपण एवढे तरी विचारावे.

मग बल मिळवूच नये काय? येथे मला माझ्या गावाकडच्या माणसाची आठवण होते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ब्राँझपदक घेऊन आले. ते ५७ किलोंच्या गटात लढले. म्हणजे आजच्या माझ्यापेक्षा जेमतेम दोन किलोंनी जड! धिप्पाडपणा आणि ताकद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्यांनी दाखवले. पण मला त्यांची दुसरी गोष्ट अधिक मोठी वाटते. त्यांना पाठवण्यासाठी गावाने वर्गणी केली, कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण टाकले. परत आल्यावर खाशाबांनी कुस्त्यांची मैदाने भरवून ते पैसे फेडले. ते पदक आपले एकट्याचे आहे, असे या मल्लाने मानले नाही. त्या शरीरात गावाचे अन्न होते आणि एका शिक्षकाचे घर होते.

मला वाटते, बलाविषयीचे नीतितत्त्व येथे आहे. शरीर कमावलेले नसते. ते उसने असते. कोणी पिकवले, कोणी रांधले, कोणी आपल्याला झोपू दिले, त्या सगळ्यांचे ते देणे आहे. त्याची लाज वाटण्याचे कारण नाही, कारण कर्ज घेणे हे पाप नव्हे. पण ऐट मिरवण्याचेही नाही. माणसाने ताकद मिळवावी, जरूर मिळवावी, आणि ती कोणाच्या कामी पडते ते पाहावे. मी अंडी पुन्हा सुरू केली. पोतेही रोज उचलतो. 'माझ्याकडे पाहा' मात्र मुलांना म्हणत नाही. महिन्यातून एकदा अंगणवाडीत मापे घ्यायला जातो, आहार वेळेवर आला नाही तर ताईंच्या अर्जावर सही करतो आणि तो अर्ज घेऊन जव्हारला स्वतः जातो. पावसात ओढा ओलांडायची वेळ आली, तर आता मध्यावर थांबावे लागत नाही.

गेल्या दिवाळीला गावी गेलो होतो. आईचे हात आता थरथरतात, पण तेल तिनेच लावले. दंडाशी येऊन ती थांबली, चाचपून पाहिले आणि म्हणाली, "यंदा मूठभर मांस चढलं बघ!" इतक्या वर्षांनी निकाल बदलला होता. मी हसलो, पण डोळ्यांपुढे दुसरा दंड आला.

वांगणीला परतलो त्या दिवशी भट्टीवर जाणारा टेम्पो उभा होता. भांडी, गोधड्या, कोंबड्या आणि माणसे चढत होती. त्या मुलाचा दंड आदल्याच आठवड्यात १२.७ भरला होता. हिरवा. पावसाळाभर अंगणवाडीने आणि त्याच्या आईने मिळून चढवलेले ते मूठभर मांस आता विटांच्या धुळीत निघाले होते. मी त्याला उचलून टेम्पोत आईजवळ दिले. वजन हाताला जाणवण्याइतके होते. तेवढ्यात ताई धावत आल्या. त्याच्या मापांचे आकडे त्यांनी एका कागदावर उतरवले होते. "तिथल्या अंगणवाडीत पहिल्याच दिवशी दाखव," असे बजावून तो कागद त्यांनी आईच्या पदराला गाठ मारून बांधला.