लाल रेघ, करडी रेघ

गुरुवार हा आमच्या पट्ट्याचा रविवार. पिंपरी, भोसरी, चाकणच्या बहुतेक कंपन्यांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून मोशीतल्या घरी कॉम्प्युटरपुढे निवांत बसणं होतं ते त्याच दिवशी. व्हिडिओ लावला की माझी नजर आधी खालच्या पट्टीवर जाते. लाल रेघ म्हणजे पाहून झालेलं. तिच्यापुढे सरकणारी करडी रेघ म्हणजे येऊन पडलेलं. लालने करडीला गाठलं की मधोमध गोल फिरायला लागतो.

कारखान्याच्या स्टोअरमध्ये उमेदीची वर्षं घालवलेल्या माणसाला हे वेगळं समजवावं लागत नाही. करडी रेघ म्हणजे लाईनशेजारी ठेवलेला माल, आणि तो गोल म्हणजे लाईन थांबली. व्हिडिओ अख्खा येतच नाही, काही सेकंदांच्या तुकड्यांनी येतो. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या प्रतींत तयार असतो: १४४, ३६०, ७२०, १०८०. मागचे तुकडे किती वेळात पोचले, हातात किती सेकंदांचा साठा उरला, हे पाहून पुढची प्रत मागवली जाते. नेट मंदावलं की चेहरे धुरकट होतात, पण गाडं चालू राहतं. कारखान्यात ही सोय नाही. चाकणच्या तळेगाव चौकात ट्रक अडकला म्हणून हलक्या प्रतीचं सीट बसवून गाडी पुढे ढकलता येत नाही.

लागेल तेव्हा, लागेल तेवढंच मागवायची ही रीत टोयोटाने जपानात घडवली आणि आमच्या पट्ट्याने अंगी बाणवली. रीत शहाणपणाची आहे; गोदामात पैसा अडकत नाही, चूक लगेच उघडी पडते. पण तिचा सगळा भार रस्त्यावर. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, चाकणच्या लाईनी बंद पडल्या आणि माणसं घरात बसली. नेटवर ताण येऊ नये म्हणून व्हिडिओ कंपन्यांनी मोबाईल नेटवर्कवरची प्रत १४ एप्रिलपर्यंत ४८० वर उतरवली.

आईची रीत याच्या उलट; ती उन्हाळ्यात वर्षाची बेगमी करायची. कुरडया, सांडगे, पापड, डब्यांवर डबे. बाजार दोन पावलांवर आला तरी तिने ते सोडलं नाही, आणि मला आता तिचं पटतं. सामने, सिनेमे, बातम्या येऊ देत तुकड्यातुकड्यांनी. पण जे परत बाजारात मिळणार नाही, ते घरात हवं.

आजीच्या जात्यावरच्या ओव्या चुलतभावाने मोबाईलवर टिपून नेटवर चढवल्या होत्या. आम्ही सगळे तिथेच ऐकायचो. एके दिवशी त्याचं खातं बंद झालं आणि पडद्यावर 'व्हिडिओ उपलब्ध नाही' एवढंच उरलं. ते पाहून पोटात खड्डा पडला. नशिबाने त्याच्या जुन्या फोनमध्ये मूळ फाईल सापडली. आता ती या कॉम्प्युटरवर आहे, एक प्रत बहिणीकडे. गुरुवारी लावतो तेव्हा पट्टीवर करडी रेघ नसते. घरातल्या फाईलला ती लागत नाही.