पहिले कणीस कोणाचे?

उत्तर गोव्यातील पेडणे तालुक्यात, शापोरा नदीच्या काठी हळर्ण नावाचे गाव आहे. तेथील किल्ला १७४६ साली पोर्तुगीजांनी सावंतवाडीकर भोसल्यांकडून जिंकून घेतला. ज्या व्हाइसरॉयने तो घेतला, त्याला पुढे या गावाच्या नावाने ‘हळर्णचा मार्किस’ असा किताब मिळाला. माणसाची रीतच अशी आहे. जे आपण बळाने मिळवले असे वाटते, त्याला तो आपले नाव जोडतो.

याच गोव्यात दुसरीही एक रीत आहे. भाताची पहिली कणसे रोमन कॅथलिक बांधव आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात. राय आणि ताळगाव येथे हा सण ऑगस्ट महिन्यात होतो. हिंदू घरांत चतुर्थीच्या सुमारास ‘नवे’ आणून पूजतात व दाराला बांधतात. तेव्हा बाकीचे पीक अजून शेतातच उभे असते. एका जोराच्या पावसाने ते आडवे होऊ शकते. तरीही पहिले कणीस शेतकरी आपले म्हणत नाही.

प्रिय वाचकहो, अनुवादाच्या २६ व्या अध्यायात हेच शिक्षण आहे. इस्राएली मनुष्याने प्रथमउपजाची टोपली याजकापुढे ठेवावी आणि आपली हकीकत सांगावी: पूर्वज भटके होते, आम्ही मिसरात दास होतो, देवाने सोडवले, ही भूमी त्याने दिली. त्या कबुलीत मागणे एकही नाही. म्हणजे उपकारस्तुतीचे दान हा सौदा नव्हे. ‘मी इतके देतो, तू तितके दे’ असे म्हणणाऱ्याच्या हाती टोपली असते, पण मनात किल्ला असतो.

आपल्या मंडळ्यांत हंगामाच्या सणाला आणलेल्या वस्तूंचा लिलाव होतो. त्यात आनंद आहे आणि त्या पैशाने मंडळीची कामेही होतात. परंतु एका भोपळ्यासाठी बोलीवर बोली चढते, नावे पुकारली जातात आणि दोन अंडी घेऊन आलेली बहीण मागच्या बाकावर सरकते, तेव्हा आपण कोणाचे आभार मानीत असतो, हे तपासले पाहिजे.

कोणी विचारील, ‘ज्याचे पीक बुडाले, ज्याच्या डोक्यावर कर्ज आहे, त्याने काय द्यावे?’ प्रश्न खरा आहे. आईबापांचा वाटा ‘कर्बान’ म्हणून देवाला वाहणाऱ्यांना प्रभू येशूने मार्काच्या ७ व्या अध्यायात दोष दिला. सावकाराचे देणे किंवा म्हाताऱ्या आईचे औषध अडवून भरलेले पाकीट देवाला नको आहे. २ करिंथ ८ मध्ये पौल सांगतो की, ज्याच्याजवळ जे आहे त्यावरून त्याचे दान मान्य होते. जे नाही त्यावरून नव्हे. अशा बांधवाला यादीत मागे टाकणे हे मंडळीचे काम नव्हे. त्याची चूल पेटेल असे पाहणे, हेच त्या वर्षी मंडळीचे प्रथमउपज होय.

मात्र ही सवलत ज्यांचा पगार पहिल्या तारखेला हाती येतो त्यांनी घेऊ नये. आपण पुष्कळजण घरभाडे, किराणा, कपडे, हौस हे सारे भागवून रविवारी सकाळी खिशात जे उरले असेल ते दानपात्रात टाकतो. उरलेल्यातून दिलेल्या दानाने गरज भागते, पण त्याला कृतज्ञता म्हणणे कठीण आहे. रक्कम थोडी असो, ती पहिल्याने काढून ठेवावी. मग महिना कसा जाईल याचा भार आपण देवावर टाकतो, आणि विश्वास तेथेच सुरू होतो.

शब्बाथशाळेच्या शिक्षकांना एक विनंती. मुलांच्या हाती नाणे देण्याआधी त्यांना विचारा, ‘या आठवड्यात तुम्हांला काय मिळाले?’ आधी ते मोजू द्या. मग नाणे टाकताना कोणाला सांगावे लागणार नाही की, ते का टाकायचे.