न विचारता केलेले भले

पितळेचे पातेले विकत घेतले की ते आपले होते. विकणाऱ्याचा आणि आपला संबंध पैसे मोजून झाले की संपतो. पुढे त्याला पोचा आला किंवा कल्हई उडाली, तर आपण त्याच्या दारी जातो; तो आपल्या स्वयंपाकघरात येत नाही. मालकीची ही कल्पना आपल्या हाडीमांसी इतकी खिळली आहे की, खिशातील मोबाइल फोनही आपण त्या पातेल्याच्याच हिशेबात धरतो. वस्तुतः फोन विकणारा विकून निघून जात नाही. तो आपल्या घरात मुक्कामाला राहतो आणि अधूनमधून, बहुधा रात्रीच्या वेळी, दार ठोठावून विचारतो, "नवी आवृत्ती तयार आहे. आता बसवू की नंतर?" 'कधीच नको' हे उत्तर त्याच्या यादीत सहसा नसते.

ही नवी आवृत्ती कशाची, हे थोडक्यात सांगायला हवे. फोनच्या काचेखाली, आपल्याला दिसणाऱ्या चित्रांच्या मागे, एक मोठा कारभारी बसलेला असतो. त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. कोणत्या ॲपला कॅमेरा वापरू द्यायचा, बॅटरीतील वीज कशी वाटायची, पडद्यावर अक्षरे कशी जुळवायची, हे सारे तो ठरवतो. आज जगातील बहुतेक फोनांवर दोनच कारभारी आहेत. ॲपलचा २००७ साली आला, गुगलचा अँड्रॉइड २००८ साली. आणि तेव्हापासून साधारणतः दरवर्षी दोघेही नवे रूप घेऊन येतात.

मराठी वाचकाने तरी या नव्या रूपांविषयी कृतघ्न असू नये. अँड्रॉइडच्या आरंभीच्या फोनांवर देवनागरी मजकूर आला की, अक्षरांच्या जागी नुसत्या रिकाम्या चौकटी दिसत; अक्षरे दिसलीच तर जोडाक्षरे फुटलेली आणि पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटलेली. बडोदे, इंदूर, हैदराबाद अशा ठिकाणी राहून घरी मराठीत लिहू पाहणाऱ्या आमच्यासारख्यांना त्यामुळे रोमन लिपीत मराठी लिहिण्याची खोड लागली. काहींची ती अजून सुटलेली नाही. २०१४ साली अँड्रॉइडची पाचवी आवृत्ती आली, तेव्हा तिच्या भाषांच्या यादीत मराठी आली. सोबत बंगाली, कन्नड, मल्याळम, तमिळ, तेलुगू, नेपाळी याही होत्या. फोनने आपल्याशी आपल्या भाषेत बोलावे, ही गोष्ट जुन्या आवृत्तीला कवटाळून बसणाऱ्याच्या वाट्याला येणार नव्हती.

दुसरा लाभ डोळ्यांना दिसत नाही. २०१५ साली अँड्रॉइडमध्ये एक मोठी फट उघडकीस आली. मुद्दाम बिघडवून तयार केलेला एक व्हिडिओ संदेश फोनवर आला की, काही वेळा मालकाने तो उघडण्यापूर्वीच परक्याला आत शिरता येई. त्या वर्षीच्या ऑगस्टपासून गुगलने दरमहा सुरक्षेची दुरुस्ती प्रसिद्ध करण्याचा प्रघात सुरू केला. त्याच वर्षीच्या सहाव्या आवृत्तीपासून ॲपला तुमचा कॅमेरा किंवा पत्त्यांची वही हवी असेल, तर त्या त्या वेळी तुमची परवानगी मागावी लागू लागली. पूर्वी ॲप घेतानाच साऱ्या परवानग्या एकगठ्ठा द्याव्या लागत. हे लाभ खरे आहेत, आणि त्यांना नावे ठेवणारा मनुष्य बहुधा कधी लुबाडला गेलेला नसतो.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. २०१४ च्या सप्टेंबरात ॲपलने एक छोटी दुरुस्ती पाठवली आणि त्याच महिन्यात विकत घेतलेल्या कोऱ्या फोनांना नेटवर्कच सापडेना. ज्या यंत्राचे पहिले काम बोलणे, तेच मुके झाले. दुरुस्ती लगेच मागे घेण्यात आली व दुसऱ्या दिवशी दुरुस्तीची दुरुस्ती आली. २०१८ च्या फेब्रुवारीत आणखी चमत्कारिक प्रकार घडला. तेलुगू लिपीतील एक जोडाक्षर कोणी संदेशात पाठवले की, ॲपलच्या फोनवरील ते ॲप कोलमडून पडे. ते अक्षर होते 'ज्ञा'. ज्ञानाच्या पहिल्याच अक्षराला यंत्राने अडखळावे, यावर त्या आठवड्यात किती थट्टा झाली असेल! थोड्याच दिवसांत त्यावरही नवी आवृत्ती आली. रोग आणि औषध दोन्ही एकाच दुकानातून मिळतात, हे या व्यवहाराचे वैशिष्ट्यच होय.

या अडचणी चुकीच्या होत्या, लबाडीच्या नव्हत्या. मला ज्या प्रकरणाने विचारात पाडले ते वेगळे आहे. बॅटरी जुनी झाली की, तिला एकाएकी लागणारी जादा वीज देता येत नाही आणि फोन मध्येच बंद पडतो. त्यावर ॲपलने २०१७ च्या जानेवारीत एका नव्या आवृत्तीतून उपाय केला. बॅटरी थकलेली असेल, तर फोनचा वेग आपोआप कमी व्हावा, असा तो उपाय होता. उपाय अडाणी नव्हता; दम लागलेल्या मनुष्याने हळू चालावे, तसाच तो होता. परंतु मालकाला ही गोष्ट स्पष्टपणे सांगितली गेली नाही. त्याला एवढेच दिसले की, आपला फोन आता पूर्वीसारखा चालत नाही. नव्या बॅटरीने जे काम झाले असते, त्यासाठी कित्येकांनी नवा फोन घेतला असणार. त्या वर्षीच्या डिसेंबरात फोनांचा वेग मोजणाऱ्या एकाने आपली मोजमापे प्रसिद्ध केली, तेव्हा कंपनीने गोष्ट कबूल केली, जाहीर क्षमा मागितली आणि ७९ डॉलरांची बॅटरीबदली २९ डॉलरांत करून दिली. फ्रान्सच्या सरकारी यंत्रणेने २०२० च्या फेब्रुवारीत कंपनीला अडीच कोटी युरोंचा दंड केला. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, तो दंड ग्राहकांना कल्पना न दिल्याबद्दल होता. अपराध मंदपणाचा नव्हता, मौनाचा होता.

हे वाचले तेव्हा मी त्या कंपनीवर मनातल्या मनात बरेच तोंडसुख घेतले. 'भले करायचे होते तर सांगून करायचे होते,' असे मी घरी म्हणालोही. आणि त्यानंतर दोन-तीन वर्षांतच मी स्वतः नेमके तेच केले.

माझी थोरली मावशी इंदूरला असते. एका मिशन हॉस्पिटलात ती तीस वर्षे परिचारिका होती. शेवटची काही वर्षे मुख्य परिचारिका. काका प्रभुवासी झाल्यावर ती एकटीच राहते. तिच्याजवळ मुलाने वापरून दिलेला एक फोन होता. मी मुक्कामाला गेलो असता ती म्हणाली की, बँकेचे ॲप उघडत नाही आणि पेन्शन जमा झाली की नाही ते कळत नाही. पाहतो तो फोनची प्रणाली फार जुनी. बँकेचे ॲप तिच्यावर चालेना. रात्री मावशी झोपल्यावर मी फोन चार्जरला लावला, 'मी सहमत आहे' यावर बोट ठेवले आणि निश्चिंतपणे झोपलो. सकाळी नवी आवृत्ती बसली होती. बँकेचे ॲप उघडत होते. मला मोठे काम केल्यासारखे वाटले.

चहा घेऊन मावशी रोजच्या खुर्चीत बसली आणि तिने एका लहानशा निळ्या चित्रावर बोट ठेवले. ते आवाज साठवण्याचे ॲप होते. त्यात काकांचा आवाज होता. रविवारच्या गीतांचा सराव, नातवाला सांगितलेली एक अर्धवट गोष्ट, किराण्याची यादी. सारे मिळून एकोणीस तुकडे. ते ती रोज सकाळी एखाददुसरा ऐकत असे, हे मला ठाऊक नव्हते. चित्र जागेवर होते, परंतु ते उघडेना. ॲप जुन्या बांधणीचे असून त्याच्या कर्त्याने ते सुधारल्यावाचून नव्या प्रणालीवर चालणार नाही, एवढेच फोन सांगत होता. त्या कर्त्याने केव्हाच आपले दुकान बंद केले होते. मागे फिरण्याची वाटही नव्हती. त्या फोनवर जुनी आवृत्ती परत बसवता येत नव्हती.

"मावशी, तुझ्याच भल्यासाठी केलं गं," मी म्हणालो.

"भलं माझं होतं ना बाळा?" ती म्हणाली. "मग मला उठवून विचारायचं होतंस."

ती रागावली नव्हती, आणि त्यामुळेच ते वाक्य मला फार दिवस पुरले. मी माझी बाजू मनाशी पुष्कळ वेळा मांडून पाहिली. पेन्शनची गरज खरी होती. जुनी प्रणाली धोक्याची होती. पण विचारले का नाही, याचे प्रामाणिक उत्तर यांपैकी एकही नव्हते. 'तिला त्यातले काय कळणार?' असे मी गृहीत धरले होते, हे ते उत्तर होते. ज्या बाईने तीस वर्षे निरक्षर रोग्यांना शस्त्रक्रियेच्या कागदावर अंगठा घेण्यापूर्वी प्रत्येक गोष्ट समजावून सांगितली, तिच्याविषयी मी असे मानले! ती सांगते की, घाईच्या वेळीही कागद वाचून दाखवल्यावाचून अंगठा घ्यायचा नाही, असा तिच्या वॉर्डाचा नियम होता. तो अंगठा आणि माझे ते बोट यांत काय अंतर आहे, हे मला सांगायला नको. माझे बोट तर माझेही नव्हते. मी तिच्या वतीने 'सहमत' झालो होतो.

मग प्रत्येकाला जुन्या आवृत्तीवर कायम राहण्याचा हक्क आहे, असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. २०१७ च्या मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाचा दुष्ट प्रोग्राम जगभर संगणकांत शिरला. तो ज्या फटीतून शिरला, ती बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नाही त्यांत ब्रिटनची सरकारी रुग्णालये होती, आणि तेथे ठरलेल्या तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. त्या रोग्यांनी कोणतेही बटण दाबण्याचे टाळले नव्हते. म्हणजे माझ्या हातातील यंत्राची डागडुजी ही केवळ माझी खासगी बाब राहत नाही. मावशीच्या फोनमध्ये चोर शिरला, तर तिच्या वहीतील प्रत्येक नाव त्याच्या हाती पडते.

परंतु यावरून कोणी हवे ते बदलावे, हेही निघत नाही. गळके छप्पर शाकारणे निराळे आणि त्या निमित्ताने घरातल्या भिंती हलवणे निराळे. अँड्रॉइडची मासिक सुरक्षा दुरुस्ती मोठ्या आवृत्तीपासून वेगळी येऊ शकते, ही रीत मला अधिक सचोटीची वाटते. ॲपलनेही २०२१ साली, नवी आवृत्ती न घेता जुनीवरच राहून सुरक्षेच्या दुरुस्त्या घेण्याची मुभा दिली होती. काही महिन्यांतच ती सोय तात्पुरती होती असे सांगून ती काढून घेण्यात आली. का, याचे समाधानकारक उत्तर माझ्या वाचनात नाही. दोन्ही गोष्टी एकाच गाठोड्यात बांधून दिल्या की, औषधासाठी आलेल्या मनुष्याला न मागितलेली गोष्टही घ्यावीच लागते, आणि गाठोडे बांधणाऱ्याला ते सोयीचे असते, एवढे मात्र दिसते.

यात गरिबाचा प्रश्न आणखी अवघड आहे. त्याला नवी आवृत्ती नको असते असे नाही. ती त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. २०२३ साली गुगलने आणि २०२४ साली सॅमसंगने आपल्या काही महाग फोनांना सात वर्षे नव्या आवृत्त्या देण्याचे वचन दिले. स्वस्त फोनांचे आयुष्य पुष्कळदा याहून बरेच कमी ठरवलेले असते. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नियम लागू झाला आहे की, एखाद्या फोनची विक्री थांबल्यानंतरही निदान पाच वर्षे त्याची प्रणाली सांभाळली पाहिजे. आपल्या मंडळीत झाडलोट करणाऱ्या बाईंचा फोनही चांगला धडधाकट असतो. पण बँकेचे ॲप त्याला एक दिवस दारातूनच परत पाठवते, आणि मग त्यांना न मोडलेली वस्तू टाकून कर्जाने नवी घ्यावी लागते. येथे संमतीची भाषाच थिटी पडते. जिथे निवडच नाही, तिथे कोणाला काय विचारायचे?

मावशीची हकिगत मात्र अर्ध्यावर राहिली. संगणक दुरुस्त करणाऱ्या एका तरुणाने तिचा फोन दोन दिवस ठेवून घेतला, त्याची प्रत संगणकावर उतरवली आणि तीतून एकोणिसांपैकी तेरा तुकडे काढून दिले. नातवाची गोष्ट मिळाली नाही. किराण्याची यादी मिळाली, तीत काका साखर दोनदा सांगतात, आणि मागून मावशीचा आवाज येतो, "झालं सांगून."

मागच्या महिन्यात मी पुन्हा इंदूरला गेलो होतो. मुलाने आता तिला दुसरा फोन दिला आहे. रात्री जेवणानंतर त्यावर नव्या आवृत्तीची सूचना आली. मावशीने चष्मा लावला, सूचनेखालचा सारा मजकूर उघडला आणि बोटाने एकेक ओळ सरकवत तो वाचला. अर्धा तास तरी लागला असेल. दोन शब्दांचा अर्थ तिने मला विचारला. एकाचा मला सांगता आला नाही. मग तिने 'नंतर' यावर बोट ठेवले, फोन बंद करून उशाशी ठेवला आणि म्हणाली, "तेरा तुकडे दुसरीकडे उतरवून घेतल्याशिवाय नको. उद्या त्या मुलाकडे जाऊ."