उठण्याची वेळ तीच, ओवी गेली

पहाटे पाचला उठा, डोकं तल्लख चालतं, नवं काही सुचतं, हा सल्ला हल्ली जो तो देतो. खानदेशात त्याला दाखला द्यायचा म्हटलं की बहिणाबाई चौधरींचं नाव पुढे येतं. असोद्याची लेक, जळगावची सून, अक्षरओळख नाही, आणि गाणी अशी की आज इथल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. पण त्या काळातली बाई काही सुचावं म्हणून पहाटे उठत नव्हती. घरात पीठ लागायचं म्हणून उठायची.

घरोट्यापुढे, म्हणजे जात्यापुढे, एक पाय लांब करून बसायचं, एका हाताने खुंटा ओढायचा, दुसऱ्याने मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात सोडायचे. ज्वारी-उडदाचा कळणा असला तर फेरा जड जातो. दाणे जास्त पडले तर पीठ भरड, कमी पडले तर दगडावर दगड घासतो. पण हाताला हे सारं न बघता कळतं. अंग जागेवर अडकलेलं, आणि डोक्याला मात्र कोणी कामाला लावलेलं नाही. सासू निजलेली, पोरं निजलेली. दिवसभर हाकेला ओ देणाऱ्या बाईला कोणी हाक मारणार नाही असा हा एवढाच वेळ. फेऱ्याची लय ओवीला मिळायची, दम घ्यायला थांबावं तिथे ओळ संपायची. सुचण्याचं मूळ मला इथे दिसतं, घड्याळात नाही.

याची परीक्षा पुढे आपोआपच झाली. गावोगाव पिठाची गिरणी आली. दळणाचे कष्ट वाचले, ते वाचायलाच हवे होते. त्याबद्दल हळहळणाऱ्यांनी एकदा पायलीभर दळून बघावं. पण बाईची पहाट काही सुटली नाही. नळाचं पाणी, मुलांचे डबे, शेतावर न्यायच्या भाकरी. उठण्याची वेळ तीच राहिली आणि ओवी गेली. अभ्यासक हेमा राईरकर, गी प्वातवाँ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या बायकांना आठवत होत्या तोवरच.

धुळ्याचा दाखला वेगळा आहे. 1932 साली विनोबा तिथल्या तुरुंगात होते. 21 फेब्रुवारी ते 19 जून, दर रविवारी एक, अशी गीतेवरची अठरा प्रवचनं त्यांनी दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली. विनोबा पहाटे उठणारे, हे सगळे सांगतात. ते रात्री लवकर निजत, एवढं मात्र सांगायचं राहून जातं. शिवाय तिथे चूल नव्हती, पोर रडत नव्हतं. एरवी पहाटे चिंतनाला बसणाऱ्या पुरुषाच्या चहासाठी त्याच्याही आधी कोणीतरी उठलेलं असतं, आणि त्या उठण्याला चिंतन म्हणत नाहीत.

साने गुरुजींनीच पुढे ‘स्त्रीजीवन’मध्ये बायकांच्या ओव्या एकत्र केल्या. म्हणजे तुरुंगातलं प्रवचन काय आणि जात्यावरचं गाणं काय, ते टिकायला शेजारी कान देणारा माणूस लागला. बहिणाबाईंना तो घरात मिळाला: मुलगा सोपानदेव. तरी त्या गेल्या 1951 साली, आणि अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तक निघालं 1952 मध्ये.

आता पहाटे पाचचा तोच सल्ला मे महिन्यातल्या जळगावात लावून बघा. पारा 45 च्या आसपास, मध्यरात्र झाली तरी भिंतींना हात लावला तर चटका. गच्चीवर पाणी मारून अंथरूण टाकायचं; डोळा लागतो तो पहाटेच्या गार वाऱ्याला. नेमका तेव्हाच गजर वाजवायचा, तर दिवसभर लक्ष कशात लागणार? आणि ज्याच्या शेताला रात्रीची वीज, तो रावेर-यावलचा केळीवाला दोन वाजता मोटर चालू करायला निघालेला असतो. त्याला पाचला उठा म्हणून कसं सांगणार? कोणी हाक मारणार नाही असा त्याचा वेळ असलाच तर तो मोटरजवळ बसल्यावरचा. पण आता खिशातल्या मोबाईलला तोही बघवत नाही. सुप्रभातचे फोटो हल्ली तीनपासूनच यायला लागतात.