भातवडी कितव्या लेव्हलला?

माणसाची ताकद एका आकड्यात बसवायची आणि तो आकडा त्याच्या नावाला चिकटवून टाकायचा, ही कल्पना व्हिडिओ गेमच्या कितीतरी आधी नगरच्या वेशीपर्यंत येऊन पोहोचली होती. अकबराने मनसबदारी बसवली आणि मोगल चाकरीतल्या अंमलदारांना दहापासून दहा हजारांपर्यंत संख्या मिळाल्या. 1595 मध्ये शाहजादा मुराद चांदबीबीच्या किल्ल्याला वेढा घालायला आला, तो हीच व्यवस्था सोबत घेऊन. 1630 मध्ये शहाजीराजे मोगलांकडे गेले तेव्हा त्यांना पाच हजारांची मनसब मिळाली. आणि 1666 मध्ये आग्र्याच्या दरबारात शिवाजी महाराज संतापले, ते आपल्याला पंचहजारींच्या रांगेत उभं केलं म्हणून. आकडा म्हणजे मान, आकडा म्हणजे पगार. त्या माणसाच्या मनगटात काय आहे, हे मात्र त्यावरून कळत नसे.

आज नगरच्या सावेडीतला एखादा मुलगा रात्री अभ्यास आटोपून गेम उघडतो. समोरच्या राक्षसाच्या डोक्यावर ‘लेव्हल 42’ लिहिलेलं असतं, स्वतःची लेव्हल 18 असते. तो मुकाट्याने वाट बदलतो. लढाई झालेलीच नाही आणि निकाल लागलेला आहे. फँटसी रोल-प्लेइंग गेममध्ये हे इतकं अंगवळणी पडलंय की यात काही खटकण्यासारखं आहे असं कुणाला वाटत नाही. मला वाटतं. ही कल्पना कुठून आली आणि वाटेत तिने काय काय गमावलं, हे पाहिलं तर ते वाटणं अधिकच पक्कं होतं.

गंमत अशी की तिचा उगम चांगल्या ठिकाणी आहे. 1824 मध्ये प्रशियाच्या सैन्यातला एक तरुण अधिकारी, गेओर्ग हाइनरिश फॉन राइसविट्झ, याने वडिलांच्या युद्धखेळाचे सुधारलेले नियम छापले. मोठ्या प्रमाणावर काढलेला खराखुरा नकाशा, त्यावर पलटणींचे ठोकळे, तोफखान्याच्या माऱ्यात किती माणसं पडली हे ठरवायला फासे आणि तक्ते. आणि या सगळ्याच्या वर एक पंच. टेकडीआड लपलेलं घोडदळ शत्रूला दिसलं की नाही, चिखलात तोफा किती वेळ अडकल्या, हुकूम वेळेवर पोहोचला का, हे तो पंच ठरवायचा. खेळणाऱ्याला शिकायची होती ती जमीन. नगरमध्ये आर्मर्ड कोअरचं केंद्र आहे, के. के. रेंजवरचा गोळीबार इथल्या गावांच्या कानांना सवयीचा आहे. फौजेत ‘सँड मॉडेल’ (वाळूत उभारलेली रणभूमी) हा शब्द ज्याने ऐकलाय, त्याला राइसविट्झचा खेळ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही.

पुढे हा खेळ छावणीतून घरात आला, हौशी लोकांच्या टेबलावर आला. 1971 मध्ये अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ नावाचे मध्ययुगीन लढायांचे नियम छापले आणि त्याला फँटसीची पुरवणी जोडली. त्यात ‘हीरो’ नावाचा मोहरा होता. त्याची किंमत चार माणसांइतकी. ‘सुपरहीरो’ची आठ माणसांइतकी. तीन वर्षांनी, 1974 मध्ये, गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला. त्यातल्या लढवय्याच्या चौथ्या पातळीचं नाव होतं ‘हीरो’ आणि आठव्या पातळीचं ‘सुपरहीरो’. म्हणजे लेव्हल या चीजेच्या मुळाशी हा हिशेब आहे: हा एक माणूस किती शिपायांच्या बरोबरीचा? मनसबदाराला नेमून दिलेली संख्या, तीच इथे एका माणसाच्या अंगात घुसली. घाव सोसण्याची ताकद आकड्यात मोजायची युक्ती आर्नेसनने नाविक लढायांच्या खेळावरून उचलली. जहाजाला जितके फटके बसले तरी ते तरंगत राहील, तितके फटके आता माणसाला बसू लागले.

पातळी चढायची कशी, हा प्रश्न मग आलाच. पहिल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’मध्ये गुण मिळत ते मुख्यतः सोन्याचे, खजिन्यातून बाहेर आणलेलं एक नाणं म्हणजे एक गुण. राक्षस मारण्याचे गुण त्या मानाने थोडे. साहजिकच शहाणा खेळाडू राक्षसाला टाळून, फसवून, झोपेत गाठून सोनं पळवायचा. पुढे बहुतेक खेळांनी गुणांचा भार मारण्यावर टाकला, आणि तेच शहाणे खेळाडू दिसेल त्याची कत्तल करू लागले. माणसं तीच होती. नियमांनी त्यांना वेगळं वागायला शिकवलं. गुणांचा तक्ता हा कोणत्याही खेळाचा खरा उपदेश असतो. कथा काहीही सांगो.

हे आपल्याकडे फार पूर्वी कुणाला तरी उमगलं होतं. मोक्षपट हा खेळ परंपरा ज्ञानेश्वरांच्या नावावर देते. त्यांनी ज्ञानेश्वरी सांगितली ती नगर जिल्ह्यातल्याच नेवाशात, शके 1212 मध्ये. मोक्षपटाचा कर्ता खरोखर कोण, हा वाद बाजूला ठेवू. त्याची रचना पाहण्यासारखी आहे. घरांना सद्गुण-दुर्गुणांची नावं, सद्गुणाच्या घरातून शिडी, विकाराच्या घरात सापाचं तोंड, आणि वर मोक्ष. वर चढणं म्हणजे काय, हे या पटाने स्पष्ट सांगितलं. उणीव एकच, आणि ती मोठी: शिडीपाशी पोहोचवायला दान पडावं लागतं. खेळणाऱ्याच्या हातात काही नाही. दया न दाखवता तो दयेच्या घरात जाऊन बसू शकतो.

ही उणीव 1985 मध्ये रिचर्ड गॅरियटच्या ‘अल्टिमा फोर’ने भरून काढली असं मी म्हणेन. त्या गेमचं उपशीर्षकच ‘क्वेस्ट ऑफ द अवतार’. ‘अवतार’ हा शब्द गॅरियटने आपल्याकडूनच घेतला. शेवटी मारायचा कुणी महाखलनायक त्यात नाही. आठ सद्गुणांत पारंगत व्हायचं, एवढंच काम. जडीबुटी विकणारी बाई आंधळी आहे. पैसे तुम्हीच मोजून ठेवायचे. दोन नाणी ठेवून मूठभर माल उचलला तर ती काही बोलत नाही, पडद्यावर काहीच होत नाही. पण गेम आत कुठेतरी तुमचा प्रामाणिकपणा कमी करतो, आणि पुष्कळ नंतर, मुक्कामाच्या जवळ आल्यावर तुम्हाला ते कळतं. पळणाऱ्या दुबळ्या प्राण्याचा पाठलाग करून त्याला मारलं, तरी असाच फटका. मोक्षपटावर नुसती लिहिलेली घरं इथे आचरणात आणावी लागतात.

पण हा अपवाद. मुख्य प्रवाह दुसरीकडे वाहत गेला, आणि त्याचं कारण यंत्रात होतं. 1975 च्या सुमारास इलिनॉय विद्यापीठाच्या प्लॅटो संगणकावर विद्यार्थ्यांनी ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या नकला लिहिल्या. संगणकाला बेरीज-वजाबाकी उत्तम येते. पंचाची समज येत नाही. टेबलावरच्या खेळात कुणी म्हणालं, की मी दिव्यातलं तेल जिन्यावर ओततो, तर पंच विचार करून निकाल द्यायचा. संगणकाला तेल म्हणजे काय, हेच माहीत नव्हतं. त्यामुळे या स्थलांतरात आकडे तेवढे शाबूत पोहोचले आणि पंच मागे राहिला. 1981 चा ‘विझर्ड्री’, 1986 चा जपानी ‘ड्रॅगन क्वेस्ट’, सगळे या आकड्यांवर उभे राहिले. त्याच माळावर फिरत राहा, तेच किरकोळ शत्रू मारत राहा, आकडा वाढेल.

या पद्धतीचा एक गुण मी नाकारणार नाही. ज्याची बोटं चपळ नाहीत, ज्याचं वय झालंय, ज्याला हात नीट हलवता येत नाही, त्यालाही ‘ड्रॅगन क्वेस्ट’ शेवटपर्यंत नेतो. चिकाटी असली की पुरे. ही उदारता मोठी आहे आणि हातोटीचे गोडवे गाणारे तिला सहज विसरतात.

तरी प्रश्न राहतोच: राक्षस मारल्यावर कुलूप उघडायचं कसब का वाढावं? 1978 मध्ये ‘रूनक्वेस्ट’ या टेबलावरच्या खेळाने सरळ उत्तर दिलं, की जे वापराल ते सुधारेल. तत्त्व बिनतोड. व्हिडिओ गेममध्ये त्याची जी दशा झाली ती शिकण्यासारखी आहे. 1988 च्या ‘फायनल फँटसी टू’मध्ये मार खाल्ला की सोसण्याची ताकद वाढे, म्हणून खेळाडू आपल्याच सोबत्यांवर तलवार चालवू लागले. 2002 च्या ‘मॉरोविंड’मध्ये उड्यांचं कसब उड्या मारून वाढे, म्हणून माणसं गावोगाव बेडकासारखी उडत जाऊ लागली. 2006 च्या ‘ऑब्लिव्हियन’ने तर खेळाडूबरोबर शत्रूही वाढवले, आणि वाटेवरचे भुरटे दरोडेखोर काही दिवसांनी अत्यंत दुर्मीळ, महागड्या चिलखतांत दिसू लागले. तुम्ही कितीही वाढा, जग तुमच्याबरोबर वाढतंय. मग वाढलं काय? सराव म्हणजे नुसती पुनरावृत्ती अशी समजूत करून घेतली की असं होतं. तालमीत नुसते जोर-बैठका मोजून मल्ल तयार होत नाही. समोर वस्ताद लागतो, चुकलं की हटकणारा.

वस्ताद मला सापडला तो 2001 च्या ‘गॉथिक’ या जर्मन गेममध्ये. कैद्यांची खाणवस्ती, भोवती जादूचा पडदा, नायकाला नावसुद्धा नाही. लेव्हल वाढली की शिकण्याचे गुण मिळतात, पण त्यांनी आपोआप काही होत नाही. शिकवणारा शोधावा लागतो, त्याला धातूच्या खड्यांत मोबदला द्यावा लागतो, आणि काही जण तर तुम्ही त्यांच्या गटातले असल्याशिवाय दारात उभं करत नाहीत. सगळ्यात सुंदर गोष्ट नायकाच्या हातात आहे. सुरुवातीला तो एकहाती तलवारही दोन्ही हातांनी धरतो, कुऱ्हाड धरावी तशी. वार केला की तोल जातो, पुन्हा सावरायला वेळ लागतो. शिकवणी झाली की दुसरा हात सुटतो. खांदा तिरका होतो. पाय मोकळे होतात, एका वारातून दुसरा वार निघू लागतो. कसब वाढल्याचं पडद्यावरच्या आकड्याकडे न बघता कळतं. लांबून बघणाऱ्यालाही कळतं. इतका प्रामाणिक विचार या क्षेत्रात मी क्वचित पाहिला आहे.

त्यानंतर जपानच्या फ्रॉमसॉफ्टवेअरने दुसरं टोक गाठलं. 2011 च्या ‘डार्क सोल्स’मध्ये लेव्हल आहे, पण एकदाही न वाढवता गेम संपवणारे लोक आहेत. शत्रूचा खांदा कधी हलतो, त्याच्या घावानंतर किती क्षण मोकळे मिळतात, हे खेळणाऱ्याला समजलेलं असतं. पात्र तिथेच राहिलं, माणूस वाढला.

एवढं होऊनही राइसविट्झचा हरवलेला भाग, म्हणजे जमीन, परत यायची होती. तिचं मोल समजायला नगर तालुक्यातल्या भातवडीइतकं चांगलं उदाहरण नाही. 1624 मध्ये मोगल आणि विजापूरची संयुक्त फौज निजामशाहीच्या मलिक अंबरवर चालून आली. आकड्यांनी पाहिलं तर तोलच नव्हता. अंबरने त्यांना भातवडीजवळ येऊ दिलं. तळ्याचं पाणी सोडून वाटांचा आणि छावणीचा चिखल केला, दाणावैरण तोडली, उपासमारीने आणि फितुरीने फौज आतून पोखरू दिली, आणि मग शहाजीराजांसारख्या सरदारांसह तुटून पडला. विजापूरचा सेनानी मुल्ला मुहम्मद लारी ठार झाला. निजामशाहीच्या बाजूने शहाजीराजांचे धाकटे बंधू शरीफजी पडले. समोरच्या फौजेत मनसबी कमी नव्हत्या. चिखलात त्यांचा उपयोग झाला नाही.

लेव्हलच्या गणिताने चालणाऱ्या गेममध्ये भातवडी घडूच शकत नाही. 42 समोर 18 म्हणजे पराभव, विषय संपला. बेल्जियमच्या लॅरियन स्टुडिओने ही कोंडी फोडली. त्यांच्या ‘डिव्हिनिटी: ओरिजिनल सिन’मध्ये आणि 2023 च्या ‘बाल्डर्स गेट थ्री’मध्ये जमीन जिवंत आहे. पाणी सांडलं की त्यातून वीज धावते, भिजलेल्या शत्रूला ती जास्त जाळते, तेल पेट घेतं, उंचावरून मारलेला बाण नेमका लागतो. ‘बाल्डर्स गेट थ्री’मध्ये लेव्हल बाराव्या पायरीवर थांबते, आणि बोलून टाळलेल्या लढाईचेही गुण मिळतात. पन्नास वर्षांपूर्वी जिन्यावर तेल ओतणाऱ्या त्या खेळाडूला संगणकाने अखेर उत्तर दिलं. तरीही त्यातलं पाणी हे जवळच्या दहा पावलांचं पाणी आहे. धरण, दुष्काळ, वैरण, थकलेला पगार, रात्री पळून आलेला शत्रूचा शिपाई, हे अजून लढाईच्या गणितात येत नाही.

पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने 2020 मध्ये ‘राजी’ काढला. खांबाला गिरकी घेऊन, भिंतीवर पाय देऊन वार करणारी चपळ मुलगी, हातात त्रिशूळ आणि धनुष्य. देखणं काम आहे, आणि मराठी मुलखातल्या हातांनी केलेलं आहे. पुढचा कुणी नगरकडे वळला तर त्याला रचनेचा एक अवघड प्रश्न इथे तयार मिळेल. मलिक अंबरचा जन्म 1548 च्या सुमाराचा धरतात. म्हणजे भातवडीच्या वेळी तो पंचाहत्तरीच्या घरात होता. हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला, बगदादमार्गे दख्खनेत आलेला, धनी मेल्यावर मोकळा झालेला, विजापूरची चाकरी करून पुन्हा निजामशाहीत परतलेला. गेममध्ये या वयाची माणसं गावच्या पारावर बसून तरुण नायकाला कामगिरी सांगतात आणि तलवार तो चालवतो. अंबरची शरीराची ताकद दरवर्षी घटत होती आणि लढाईतली ताकद दरवर्षी वाढत होती. हे पडद्यावर दाखवायचं, तर सोसण्याचा आकडा उतरता ठेवून त्याच वेळी नकाशा उजळत न्यावा लागेल: कोणत्या तळ्याला किती पाणी, कोणती वाट पावसात किती दिवस बंद, कोणत्या सरदाराचा पगार किती महिने थकलाय. ज्या खेळाडूला ही माहिती जमवायला दोन तास लागतील, त्याला शेवटची लढाई अर्ध्या घटकेत आटोपता आली पाहिजे.